आमेनचं फडकं

हात आधी वर गेला की कानांनी आधी ऐकलं, हे निकियासला नंतर कितीही डोकं खाजवलं तरी सांगता येईना. शब्बाथची सकाळ होती. प्रार्थनाघर गच्च भरलेलं. मधोमध लाकडी ओट्यावर त्याचा धाकटा भाऊ यासोन आभाराची प्रार्थना म्हणत होता आणि शेजारीच, हातभर अंतरावर, निकियास पांढरं फडकं घेऊन उभा होता. यासोनने शेवटचं वाक्य खालच्या आवाजात म्हटलं, निकियासचा हात वर गेला, फडकं हललं, आणि पुढच्या सोन्याच्या खुर्च्यांवरच्या वडीलधाऱ्यांपासून थेट मागे दारापाशी बसलेल्या विणकरांपर्यंत हजारो माणसांनी एकदम 'आमेन' म्हटलं. तुळयांवरची कबुतरं भर्रकन उडाली. सगळं नेहमीसारखं. आणि मग, आमेन विरत असताना, ते वाक्य निकियासच्या डोक्यात उतरलं. 'तुझे आभार, आणि तुझ्या उजव्या हाताशी बसलेल्या तुझ्या पुत्राचे, ज्याला त्यांनी खांबावर ठोकलं.' छे, असं कुणी म्हणेल का? आणि तेही ओट्यावरून? त्याने भावाकडे पाहिलं. यासोन डोळे मिटून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर, देवा रे, चक्क समाधान होतं.

अलेक्झांड्रियातल्या यहुद्यांचं ते प्रार्थनाघर एवढं अवाढव्य की ओट्यावरचा आवाज निम्म्यापर्यंतही पोचत नसे. सोनारांचे बाक एकीकडे, चांदीवाल्यांचे त्यांच्या शेजारी, मग लोहार, मग विणकर. ज्याचा जो धंदा त्याचा तो बाक. नवखा माणूस गावात आला तर आपल्या धंद्याच्या बाकावर जाऊन बसायचा, तिथेच त्याला काम मिळायचं आणि तिथेच कुणाच्या तरी घरचं जेवण. मागच्यांना प्रार्थनेतलं अवाक्षर ऐकू येत नसे. ते फडक्याकडे बघत. फडकं हललं की आमेन. प्रार्थना बापजाद्यांच्या, ठरलेल्या. आणि फडकंवाला ऐकतोय ना, मग आपल्याला काय घोर? हे काम निकियासकडे वडिलांकडून आलं होतं. आपण हात हलवला की एवढी तोंडं उघडतात याची त्याला तरुणपणी भारी गंमत वाटे, थोडी मिजासही होती. आज त्याच हाताने त्याने या सगळ्यांना, पेंगुळलेल्या लोहारांना, बाहेरगावच्या पाहुण्यांना, कडेवर पोरं घेतलेल्या बायकांना, देवापाशी आणून बसवलेल्या एका दुसऱ्यापुढे वाकवलं होतं आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. ते खुशाल घरी जाऊन काल शिजवून ठेवलेली मसूर खाणार होते.

दाराशी थेउदासबाबांनी त्याला गाठलं. वडीलधाऱ्यांत ते सर्वांत म्हातारे, आणि नेमके त्यांचेच कान शाबूत. "निकियास, शेवटी काय पुटपुटला रे तुझा भाऊ?"

"कधी, बाबा?"

"आभाराच्या प्रार्थनेला. शेपूट जोडल्यासारखं वाटलं मला."

"माझं लक्ष फडक्याकडे होतं," निकियास म्हणाला. आयुष्यात त्या दारात तो पहिल्यांदा खोटं बोलला, आणि किती सहज बोलला! म्हाताऱ्याने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि काठी टेकत तो निघून गेला.

समुद्राच्या बाजूने घरी जाताना डावीकडे सम्राटाचं देऊळ लागे. लहानपणी दोघे भाऊ तिथून जाताना थुंकत, आणि वडील दोघांच्याही कानाखाली वाजवत, कारण पहारेकरी बघत असत. या शहरात देवांना काय तोटा! डोक्यावर धान्याचं माप घेतलेला सेरापिस होता, कुत्र्याच्या तोंडाचे होते, मांजरीच्या तोंडाचे होते, आणि मेल्यावर देव झालेले सम्राट होते. एक सम्राट तर असा निपजला की त्याला मरेपर्यंतही दम निघेना. जिवंतपणीच म्हणाला, मी देव, माझा पुतळा तुमच्या प्रार्थनाघरात बसवा. त्या वर्षी शहरातल्या लोकांनी आपल्या वस्तीत जो धुमाकूळ घातला, तो वडिलांनी दाराच्या फटीतून पाहिला होता. आजोबा गल्लीतल्या छोट्या प्रार्थनाघराच्या उंबऱ्यावर आडवे पडले, पुतळा माझ्या अंगावरून न्या म्हणाले. लोकांनी नेला. वडील ही गोष्ट सांगताना कधी रडत नसत. सांगून झाली की हात धुऊन जेवायला बसत. माणूस देव नसतो, हे त्या घरात आईच्या दुधाबरोबर पोटात गेलेलं होतं. आणि आता त्याच माणसाचा नातू ओट्यावर उभा राहून म्हणतो, गालीलचा एक येशू, ज्याला रोमच्या सुभेदाराने गुन्हेगार म्हणून मारला, तो वर बसलाय. आणि दुसरा नातू फडकं हलवतो. वा! आजोबांनी डोळे उघडून बघायला हवं होतं. निकियासला रस्त्यातच एकदम हसू आलं आणि ते हसू इतकं वाईट होतं की समोरून येणारी बाई बाजूला झाली.

पण खरं सांगायचं तर देवापाशी कुणी 'दुसरा' असतो, हे त्याने पहिल्यांदा यासोनच्या तोंडून थोडंच ऐकलं होतं? शाळेत म्हातारे गुरुजी सांगत, तो एक देव इतका वर आहे, इतका शुद्ध आहे, की तो मातीला हात लावत नाही. त्याचा शब्द लावतो. शब्द म्हणजे त्याचा थोरला मुलगा समजा, नाहीतर जहाजावरचा सुकाणू धरणारा समजा. पोरं मान डोलवत. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, कारण त्या शब्दाला आई नव्हती, त्याला घाम येत नव्हता, कुणी त्याला ठोकलं असतं तर रक्त आलं नसतं. दुसरा चालत होता, अगदी छान चालत होता, जोवर तो कुणाच्या घरचा नव्हता. निकियासलाही तो मोठा देखणा वाटायचा. आणि मग गेल्या साली, नदी चढायच्या दिवसांत, एल्पिसला ताप आला.

त्याची मुलगी. उशिरा झालेली, एकुलती एक. ती फडक्याला 'बाबांचं कबुतर' म्हणायची. तापात तिचे ओठ फुटले होते आणि ती पाणी मागायची आणि पाणी पोटात ठरत नव्हतं. निकियासने त्या एकाला हाका मारल्या. मारीन, त्याची बायको, पोरीचे पाय चोळत बसलेली आणि हा भिंतीकडे तोंड करून हाका मारतोय. त्याला तेव्हा जाणवलं की आपण ज्याला हाका मारतोय त्याला तोंड नाही. ते बरोबरच होतं, तेच तर त्याला शिकवलं होतं, त्यासाठीच आजोबा मेले होते. पण त्या दिवसांत ते त्याला सोसेना. एल्पिस गेली. पुढच्या शब्बाथला तो ओट्यावर हजर होता. 'मेलेल्यांना उठवणारा तू' या ओळीला फडकं हलवायचं असतं. त्याने हलवलं. तेव्हापासून दर शब्बाथला तो हलवत आला होता आणि दर वेळी आतून एक आवाज म्हणे, खोटारड्या. कुणाला उद्देशून म्हणे, ते त्याने कधी तपासलं नव्हतं.

सुतकाच्या दिवसांत यासोन त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिला होता. बाकीचे येत, देवाची इच्छा म्हणत, उकडलेली अंडी ठेवून जात. यासोन शेवटच्या दिवशी एवढंच म्हणाला, "दादा, वर एक आहे ज्याला मरण माहीत आहे. ऐकून नाही, मरून." निकियासने त्याला तेव्हा घराबाहेर काढलं होतं. पण ते वाक्य काही घराबाहेर गेलं नाही.

दुपारी यासोन आपणहून आला. गच्चीवर दोघे बसले. समोर दीपस्तंभ, खाली कुणाचं तरी पोर भोकाड पसरलेलं.

"तू ऐकलंस, दादा."

"मी काही ऐकलं नाही."

"तुझा हात वर गेला."

"हाताला सवय आहे. झोपेतसुद्धा जातो."

"हात तुझाच होता ना? शेजाऱ्याचा तर नव्हता?"

निकियास भडकला. "शहाणपणा शिकवू नकोस मला! आजोबा कशासाठी मेले रे? एका माणसाला देव म्हणू नये म्हणूनच ना? आणि तू मला, मला, त्या सगळ्या लोकांना..."

"आजोबांपुढे आणला तो दुसऱ्यांना मारून देव झालेला. हा मारला गेलेला आहे."

"म्हणजे हरला म्हणून देव?"

"हो," यासोन म्हणाला, इतक्या साधेपणाने की निकियासला त्याच्या मुस्कटात मारावीशी वाटली. "आणि ओट्यावरून म्हणायचं माझं ठरलेलं नव्हतं. तुझ्या शेजारी उभा होतो. 'मेलेल्यांना उठवणारा' आलं आणि तुझा हात थरथरला. मला बघवेना. पुढे तोंडातून निघून गेलं."

म्हणजे हे सगळं निकियाससाठी होतं. त्याला राग यायला हवा होता, आणि येतही होता, पण त्या रागाखाली एक असली भूक होती की त्याला स्वतःची शिसारी आली. क्षणभर, एकच क्षण, त्याला वाटलं, असेल? एल्पिस जिथे कुठे आहे तिथे तिला पाणी देणारं कुणीतरी, हात असलेलं, असेल? मग आजोबा आठवले आणि त्याने तो विचार पायाखाली चिरडला. "जा तू," तो म्हणाला. "म्हाताऱ्याला वास लागलाय. विचारलं तर नाही म्हण."

"बघू," यासोन म्हणाला. तो 'बघू' म्हणाला की ते होत नसे, हे निकियासला लहानपणापासून ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तो फडकं घेऊन कालव्यावर ताएसीकडे गेला. ती मिसरी परटीण, त्याच्या आईच्या वयाची, सगळ्या गल्लीचे कपडे आणि भानगडी धुणारी. तिने फडकं उन्हात धरलं. "डाग कुठाय?"

"धू म्हटलं ना."

"धुते बाबा, ओरडतोस काय? तुझ्या भावाचं ऐकलं मी. तुमच्या देवाला मुलगा झाला म्हणे! अरे, मग मिठाई वाटायची सोडून सुतकी तोंडं कसली करता? एकटा जीव, ना बायको ना पोर, म्हणून तर एवढा तापट तुमचा देव. आमच्या देवीआईला बघ, पोर मांडीवर, कशी हसते." ती स्वतःच खदखदून हसली. मग फडकं पाण्यात बुडवता बुडवता हळू आवाजात म्हणाली, "तुझी पोरगी आजारी होती ना, तेव्हा मी आमच्या आईपुढे दिवा लावला होता. रोज. तू चिडशील म्हणून बोलले नाही."

एरवी तो चिडला असता. मूर्तीपुढे, त्याच्या मुलीच्या नावाने! पण तो तिथेच ओल्या दगडावर बसला आणि त्याला हुंदका फुटला. त्याच्या पोरीसाठी कुणी कुणी काय काय केलं होतं, आणि ती सगळी चुकीच्या दारांवरची माणसं होती. योग्य दारावर तो एकटा उभा होता, आणि ते उघडलं नव्हतं. ताएसीने फडकं आपटलं, पिळलं, झटकून त्याच्या हातात दिलं.

आठवडा निम्मा झाला तेव्हा यासोनला वडीलधाऱ्यांनी बोलावलं. पठ्ठ्याने काही लपवलं नाही. म्हणालो, पुन्हा म्हणेन, म्हणाला. थेउदासबाबांनी विचारलं, "निकियासने ऐकलं होतं?" यासोन म्हणाला, "नाही. दादाचं लक्ष फडक्याकडे होतं." हे निकियासला संध्याकाळी थेउदासबाबांनीच घरी येऊन सांगितलं, तेच शब्द, अगदी त्याच्याच तोंडचे. दोघा भावांचं ठरलं नव्हतं, तरी खोटं जुळलं होतं. म्हातारा बाकावर बसला, मारीनने दिलेलं पाणी प्यायला.

"वाळीत टाकायचं ठरलं. चांदीवाल्यांच्या बाकावर त्याला जागा नाही. त्याच्याबरोबर कुणी जेवायचं नाही, त्याला काम द्यायचं नाही, मेल्यावर आपल्या जमिनीत पुरायचं नाही. शब्बाथला ओट्यावरून मी स्वतः म्हणणार. तो खाली समोर उभा राहील. फडकं तू धरायचंस."

"बाबा, यावेळी दुसऱ्या कुणाला..."

"दुसऱ्याने धरलं की लोक विचारतील, निकियास का नाही? मग मलाही विचारावं लागेल." थेउदासबाबांचा आवाज मऊ झाला. "मी दुष्ट नाही रे. तुझा आजा उंबऱ्यावर पडला तेव्हा मी पोर होतो, त्याच्या पायांशी होतो. तू हात वर केलास की मागचं सगळं विसरलो मी. नाही केलास, तर तुझंही नाव त्याच्या मागे म्हणावं लागेल. मला ते करायला लावू नकोस."

तो गेल्यावर मारीनने दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली. "अहो, हात वर करा आणि मोकळे व्हा," ती म्हणाली. "भावोजींनी त्यांचं त्यांनी निवडलं. तुम्हाला टाकलं तर मलाही टाकतील. मग एल्पिसच्या शेजारची जागा? ती आपल्या दोघांची ठेवलीय. मला तिच्याजवळ कोण पुरेल? मी तिला एकटी ठेवून कुठे परक्या मातीत जाऊ?" ती रडत नव्हती, भांडत होती, डोळे लाल करून. "देव एक असो नाही तर दोन असोत, मला माझ्या पोरीजवळ पडायचंय."

उरलेले दिवस निकियासने कसे काढले त्यालाच ठाऊक. चालताना, जेवताना, मागावर धोटा फेकताना तो आपल्या उजव्या हाताकडे बघायचा. याने आधी ऐकलं होतं का? याने मानलं होतं का, मला न विचारता? आणि मानलं असेल तर आता तोच हात त्या माणसाविरुद्ध वर जाणार, जो आपलं घरदार घालवून माझ्यासाठी चार शब्द बोलला. नाही गेला तर आजोबा खोटे, मारीन बेघर, पोरीची कबर तुटली. गेला तर? गेला तर काही होणार नव्हतं. सगळं सुरळीत चालणार होतं. यासोन एकटा शहराच्या त्या टोकाला कुठेतरी राहणार आणि निकियास दर शब्बाथला आभार मानणार. त्याने प्रार्थना करायचा प्रयत्न केला, पण कुणाची करायची इथेच अडलं. एकाची करावी तर वाटे तो ऐकत नाही. दुसऱ्याची करावी तर जीभ टाळ्याला चिकटे. मला वाचव, एवढंच तो म्हणे, आणि ते कुणाला म्हटलं ते सांगत नसे.

शब्बाथला प्रार्थनाघर नेहमीपेक्षा भरलेलं होतं. बाकांच्या मधल्या वाटांवरही माणसं. पुढच्यांना कळलेलं होतं, मागच्यांना फक्त काहीतरी आहे एवढं. यासोन ओट्याखाली उभा होता, धुतलेले कपडे घालून, लग्नाला आल्यासारखा. थेउदासबाबा निकियासच्या शेजारी चढले. ते म्हणाले, "ज्याने एकापाशी दुसरा बसवला, त्याचं नाव या बाकांवरून पुसलं जावो. त्याची भाकरी एकट्याची असो, त्याची कबर परक्यांत असो." आणि ते थांबले. आता फडकं.

हात वर गेला नाही. निकियासने काही ठरवलं नव्हतं. ठरवून असा कुणी राहूच शकला नसता. हात अंगाला लागून लोंबत होता आणि त्यात फडकं होतं. हजारो माणसं त्या फडक्याकडे बघत होती. कुणीतरी खोकलं. सोन्याच्या खुर्च्यांवर एक म्हातारा पुढे वाकला. "निकियास," थेउदासबाबा ओठ न हलवता म्हणाले, "बाळा, हात." बायकांच्या बाजूला मारीन उभी होती, तिने दोन्ही हात तोंडावर धरलेले. आणि निकियासला आश्चर्य वाटलं की त्याला भीती वाटत नाही. एल्पिस गेल्यापासून पहिल्यांदा तो खोटं करत नव्हता. नाही, त्याचा विश्वास बसला नव्हता त्या खांबावरच्यावर, आजही नव्हता. फक्त आपल्या भावाच्या कबरीवर तो आमेन म्हणणार नव्हता. एवढंच. एवढं पुरे होतं.

यासोनने वर पाहिलं. भावाचा लोंबता हात पाहिला, म्हाताऱ्याचं उघडू लागलेलं तोंड पाहिलं, मागे मारीनला पाहिलं. त्याच्या लक्षात आलं की आता पुढच्या श्वासाला दादाचंही नाव घेतलं जाणार. त्याने मान हलवली, लहानपणी 'दादा, नको ना' म्हणताना हलवायचा तशी. मग तो लोकांकडे वळला आणि चांदी ठोकणाऱ्याच्या त्या दणकट आवाजात स्वतःच्या शापाला ओरडला, "आमेन!"

पुढच्या बाकांनी ते उचललं. चांदीवाले म्हणाले, त्याचे स्वतःचे सोबती, मग सोनार म्हणाले. "नको!" निकियास ओरडला. "थांबा! थांबा, म्हणू नका!" त्याचा आवाज चार रांगांच्या पलीकडे गेला नाही. तो ओट्याच्या कठड्यापाशी धावला आणि त्यांना थांबवायला दोन्ही हात डोक्यावर नेऊन जिवाच्या आकांताने हलवू लागला. पाठीमागच्या बाकांवर, जिथे काहीच ऐकू जात नव्हतं, विणकरांनी आणि लोहारांनी पांढरं फडकं हलताना पाहिलं, आणि ते उभे राहून आमेन म्हणाले. निकियास आणखी जोरात हात हलवू लागला. आमेन आणखी मोठं झालं.